पोरांना एआय शिकवायचं म्हणजे नेमकं काय? कामगंध सापळ्यातून समजून घ्या

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ या सत्रापासून तिसरी आणि पुढच्या वर्गांना कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, शिकवायला सुरुवात होणार. अभ्यासक्रमासाठी सीबीएसईने समिती नेमली. तिचे अध्यक्ष आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरली आणि गावात दोन तऱ्हेचं बोलणं सुरू झालं. एक म्हणते, "शाळेत गणिताचा मास्तर नाही अन् हे एआय शिकवून राहिले." दुसरा म्हणते, "पोट्ट्याले कसंही करून एआयचा क्लास लावून द्या, नाहीतर मागं राहीन."

दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. एआय शिकवायचं म्हणजे पोराला नेमकं शिकवायचं काय? मोबाईलमध्ये प्रश्न टाकून उत्तर काढणं एवढंच असेल तर त्याला शाळेची गरज नाही. ते पोट्टे आपल्या आधीच शिकले आहेत. शिकवायचं आहे ते वेगळंच, आणि आपल्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यात ते समजायला सोपं आहे.

आज कुठे काय सुरू आहे

सीबीएसईने २०१९-२० मध्ये नववीला एआय हा ऐच्छिक विषय सुरू केला. त्याचा कोड ४१७. शंभर गुणांपैकी पन्नास लेखी, पन्नास प्रात्यक्षिक आणि प्रकल्प. पुढच्या वर्षी अकरावीलाही आला. पहिल्या वर्षी नववी-दहावी मिळून देशात साधारण पंधरा-सोळा हजार पोरांनी तो घेतला होता. २०२४-२५ पर्यंत हा आकडा ७ लाख ९० हजारांच्या आसपास गेला. अकरावी-बारावीत मात्र पन्नास हजारांवरच आहे. म्हणजे दहावीपर्यंत हौसेने घेतात, पुढे बहुतेक जण सोडून देतात.

आपल्या जिल्ह्यात सीबीएसईच्या शाळा म्हणजे मुख्यतः शहरातल्या खासगी इंग्रजी शाळा आणि घाटंजी तालुक्यातलं बेलोऱ्याचं नवोदय विद्यालय. खेड्यातली बहुतेक पोरं जिल्हा परिषदेच्या, संस्थेच्या किंवा पांढरकवडा आणि पुसद प्रकल्पांच्या आश्रमशाळांत शिकतात, आणि या शाळा राज्य मंडळाच्या. त्यामुळे सीबीएसईची घोषणा झाली म्हणजे झरी-जामणीच्या शाळेत लगेच एआयचा तास लागला असं होत नाही. हे आधी स्पष्ट असू द्या, कारण काही क्लासवाले "आता दहावीला एआय कम्पलसरी" असं सांगत फिरतात.

पण शाळेत विषय नाही म्हणून शिकता येत नाही असंही नाही. केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये 'सोर' नावाचा कार्यक्रम काढला. त्यात सहावी ते बारावीच्या पोरांसाठी पंधरा-पंधरा तासांचे तीन भाग आहेत आणि शिक्षकांसाठी पंचेचाळीस तासांचा वेगळा भाग आहे. माझ्या मते यातला शिक्षकांचा भाग जास्त महत्त्वाचा. कारण पुढे दिसेलच.

सापळ्यातला पतंग आणि मशीनचं डोकं

आता मुद्द्यावर येऊ. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये आपल्या पऱ्हाटीचं काय केलं ते कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासावर नर पतंग येतात आणि अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तर समजायचं की पाणी डोक्यावरून चाललं, आता उपाय करावाच लागते.

नियम सोपा आहे. अडचण मोजण्यात आहे. सापळ्यात फक्त गुलाबी बोंडअळीचेच पतंग पडतात असं नाही. दुसरे किडे पडतात, पंख तुटतात, धूळ बसते, पाऊस आला की लगदा होतो. कोणता पतंग कोणता हे ओळखणारी नजर सगळ्यांकडे नसते.

मुंबईची वाधवानी एआय ही संस्था २०१८ मध्ये सुरू झाली. तिने यावर एक अ‍ॅप तयार केलं, नाव कॉटनएस. सापळ्यातले पतंग कागदावर झटकायचे, मोबाईलने फोटो काढायचा, अ‍ॅप त्यातले बोंडअळीचे पतंग मोजते आणि फवारणीची वेळ आली की नाही ते सांगते. २०१९ मध्ये गुगलने जगभरातून ज्या वीस संस्थांना एआयच्या कामासाठी निधी दिला, त्यात ही एक होती. रेंज नसलेल्या वावरातही चालावं म्हणून त्यांनी ते साध्या फोनमध्ये मावेल एवढं लहान केलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही कॅमेरा बसवलेल्या सापळ्यावर काम केलं आहे. त्यात सापळाच फोटो काढून पाठवतो.

मशीनला पतंग ओळखता कसा येतो? कोणी त्याला "पंख असे, रंग असा" असं लिहून दिलेलं नसते. त्याला हजारो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोवर माणसाने आधी खूण केलेली असते की इथे आहे तो बोंडअळीचा पतंग, हा दुसरा किडा, हे नुसतं पान. मशीन अंदाज करते, चुकते, आतले आकडे थोडे बदलते, परत अंदाज करते. लाखो वेळा असं झाल्यावर चुका कमी होतात. आपलं पोरगं लहानपणी गाय अन् म्हैस ओळखायला शिकलं तेही आपण बोट दाखवून दाखवूनच. फरक एवढा की पोराला दहा गाई पुरल्या, मशीनला हजारो लागतात. आणि पोराला गाय म्हणजे काय ते कळते. मशीनला ते कळत नाही, त्याच्याकडे फक्त फोटोतल्या ठिपक्यांचा हिशेब असतो.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न पोरगं आपोआप विचारते. फोटो कोणाचे होते? सगळे फोटो गुजरातच्या वावरातले असतील आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल लागलेला पतंग मशीनने कधी पाहिलाच नसेल तर? खुणा करणाराच चुकला असेल तर? दिवसा काढलेल्या फोटोंवर शिकलेलं मशीन संध्याकाळच्या फोटोत चुकेल का? हे प्रश्न विचारता येणं हीच एआय शिकण्यातली खरी गोष्ट आहे. सीबीएसईच्या पुस्तकात याला प्रोजेक्ट सायकल म्हणतात. आधी अडचण ठरवायची, मग माहिती गोळा करायची, ती तपासायची, मशीनला शिकवायचं आणि शेवटी ते किती चुकते ते मोजायचं.

नव्वद टक्के बरोबर म्हणजे किती बरोबर?

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग शिकलेल्या माणसालाही फसवतो.

समजा सापळ्यांचे शंभर फोटो आहेत. त्यातल्या नव्वद फोटोंत बोंडअळीचा पतंग नाही, दहामध्ये आहे. आता एक मशीन असं आणा जे डोळे मिटून प्रत्येक फोटोला "नाही" म्हणते. त्याचं उत्तर शंभरपैकी नव्वद वेळा बरोबर येईल. विकणारा सांगेल, "आमचं मशीन नव्वद टक्के अचूक आहे." खोटं तो बोलला नाही. पण ज्या दहा फोटोंसाठी मशीन आणलं ते दहाही त्याने सोडले. गावात एखादा माणूस रोज सकाळी "आज पाऊस नाही" म्हणत असेल तर वर्षातले जास्तीत जास्त दिवस त्याचं खरंच ठरेल. म्हणून पेरणीसाठी कोणी त्याला विचारायला जात नाही.

त्यातही चूक दोन जातीची असते. अळी नसताना "आहे" सांगितलं तर एक फवारणी फुकट जाते, औषधाचे आणि मजुरीचे पैसे जातात. अळी असताना "नाही" सांगितलं तर बोंडं जातात. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. कोणती चूक परवडते हे मशीन ठरवत नाही, ते कास्तकाराने ठरवायचं असते. नववी-दहावीचं पोरगं हे एका पानावर चार चौकोन काढून शिकू शकते: खरं होतं आणि मशीनने ओळखलं, खरं होतं आणि सोडलं, खोटं होतं आणि ओळखलं म्हणाला, खोटं होतं आणि बरोबर सोडलं. ४१७ च्या अभ्यासक्रमात हेच चार चौकोन आहेत. याला कॉम्प्युटर लागत नाही. टक्केवारी आली पाहिजे.

आणि अडतं ते इथेच. प्रथम संस्थेच्या 'असर' अहवालाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं साधं गणित फक्त ४३ टक्क्यांना आलं. आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सरळ वाचता न येणारे जवळपास पावभाग निघाले. म्हणून "गणिताचा मास्तर नाही" ही तक्रार एआयच्या विरोधातली समजू नका. एआय शिकवायची पहिली मागणी तीच आहे.

बोलणारं मशीन आणि औषधाचा डोस

पतंग मोजणारं मशीन एकच काम करते. चॅटजीपीटी, जेमिनाय, मेटा एआय यांची गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आता तो निळसर गोल दिसतो, त्यामुळे घराघरांत हे पोचलं. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला.

ही मशीनं मुळात पुढचा शब्द ओळखायला शिकलेली आहेत. "पेरणी झाली, आता बरा ... पडला पाहिजे" हे वाक्य आपण कोणालाही दिलं तरी मधे "पाऊस" येईल. मशीनने अफाट मजकूर वाचून हीच सवय लावली आहे. त्यामुळे वाक्य छान जुळते. बहुतेक वेळा माहितीही बरोबर असते. पण जिथे त्याच्याकडे पक्कं काही नसते तिथेही ते गप्प बसत नाही, तितक्याच भरवशाने काहीतरी जुळवून देते. ते खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. खरं-खोटं तपासायची सोय त्याच्या स्वभावातच कमी आहे.

हे आपल्याकडे जिवावरचं ठरू शकते. २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसहून जास्त कास्तकार आणि मजूर गेले. उंच वाढलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला साधं फडकंही नाही. आज दहावीतलं पोरगं बापाला म्हणते, "बाबा, थांबा, मी मोबाईलवर विचारतो किती टाकायचं." मशीन दोन ओळींत आकडा देऊन टाकते. तो आकडा लिटरमागे आहे की एकरी? साध्या पंपाचा आहे की पॉवर स्प्रेचा? ते औषध कापसावर वापरायला मंजूर तरी आहे का? दुसऱ्या औषधात मिसळून चालते का? विचारलं नाही तर मशीन यातलं बरंच सांगत नाही, आणि सांगितलं तरी डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहिल्याशिवाय ते वापरू नये.

म्हणून हायस्कूलच्या एआयच्या तासाला माझ्या मते पहिला धडा हाच पाहिजे: घरात असलेल्या औषधाच्या रिकाम्या डब्याचं लेबल, त्याबद्दल मशीनने दिलेलं उत्तर आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस, तिन्ही बाजूबाजूला लिहा. कुठे जुळते, कुठे नाही, त्याला लाल खूण करा. (डबा धुतलेला असला तरी पोरांच्या हाती देऊ नका, लेबलचा फोटो पुरतो.) एवढ्या एका धड्यात पोरगं प्रश्न नीट विचारायला, स्रोत तपासायला आणि मशीनवर किती टेकायचं ते ठरवायला शिकते.

सरकारही याच वाटेवर आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी पाचशे कोटींची तरतूद केली. कृषी विभागाचं महाविस्तार हे अ‍ॅप मराठीत प्रश्नांची उत्तरं देते. सरकारी अ‍ॅप आहे म्हणजे आधार बरा आहे, पण लेबल वाचायची सवय तिथेही सोडायची नाही. घरात ही अ‍ॅपं चालवणार कोण? बहुतेक घरांत नववी-दहावीचं पोरगं किंवा पोरगीच. म्हणजे उद्या घरच्या शेतीचा सल्ला त्यांच्या हातातून येणार आहे.

गृहपाठ मशीनने केला तर

तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार पोरांवर एक प्रयोग झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला. गणिताच्या सरावाच्या वेळी काही पोरांना साधं चॅटजीपीटीसारखं मशीन दिलं, काहींना असं मशीन दिलं जे थेट उत्तर न देता इशारा देते, आणि काहींना काहीच दिलं नाही. सरावात साधं मशीनवाल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी जास्त आले. मग मशीन काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. त्यात हीच पोरं, ज्यांना मशीन कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारा देणारं मशीन ज्यांच्याकडे होतं त्यांचं मात्र असं नुकसान झालं नाही.

ट्रॅक्टरने नांगरलं तर वावर नांगरल्या जाते, काम झालं. गृहपाठाचं तसं नाही. तिथे वही भरणं हे काम नसतेच, डोकं चालणं हे काम असते. म्हणून पोराला मोबाईल पूर्ण बंद करण्यापेक्षा विचारायची पद्धत शिकवा. "उत्तर सांग" असं विचारू नको. "मी इथपर्यंत केलं, कुठे चुकलो त्याचा फक्त इशारा दे" असं विचार. दहावीच्या पोरांना हे एका दिवसात जमते. आणि बोर्डाच्या पेपरला मोबाईल नसतो हे त्यांनाही माहीत आहे.

लॅब नसताना काय करता येते

देशातल्या किती शाळांत कॉम्प्युटर आहे? यू-डायस २०२४-२५ च्या आकड्यांनुसार साधारण ६५ टक्के. इंटरनेट ६३-६४ टक्के. कॉम्प्युटर असणं आणि चालू असणं यातला फरक खेड्यातल्या माणसाला समजवायची गरज नाही. २०१५ नंतर लोकवर्गणीतून किती शाळा 'डिजिटल' झाल्या, प्रोजेक्टर लागले, फिती कापल्या. त्यातले आज किती चालतात ते आपापल्या शाळेत जाऊन बघा. निती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान असते आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा पन्नास हजार लॅब करायचं सांगितलं आहे. मिळाली तर उत्तमच. पण शिक्षक तयार नसेल तर लॅबचं कुलूप तसंच राहते.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पना राबवली, पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. सुरुवात यंत्रापासून झाली नव्हती, मास्तरपासून झाली होती.

खडू-फळ्यावर होणारा एक धडा सांगतो. पऱ्हाटीचं पान लाल झालं, त्याला आपण लाल्या म्हणतो. पण कारणं वेगवेगळी. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. कडा लाल आणि पान वाकलेलं, खाली तुडतुडे दिसतात, तर काम तुडतुड्यांचं. वावरात पाणी साचलं होतं का, रात्रीची थंडी वाढली का, हेही बघावं लागते. पोरांना सांगा, हो-नाही उत्तर येईल असेच प्रश्न काढा आणि फळ्यावर झाडाच्या फांद्यांसारखे मांडा. आधी कोणता प्रश्न विचारला तर कमी प्रश्नांत कारण सापडते? हे खेळताना पोरं जे बनवतात त्याला एआयमध्ये डिसिजन ट्री म्हणतात. कॉम्प्युटरही तेच बनवतो, फक्त हजारो पानांच्या नोंदी बघून.

शाळेत एक चालू लॅपटॉप आणि हॉटस्पॉट असेल तर पुढची पायरी आहे. गुगलचं टीचेबल मशीन नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्ये चालते, कोडिंग लागत नाही. पन्नास निरोगी पानांचे फोटो, पन्नास लाल्याच्या पानांचे फोटो द्या, काही मिनिटांत ते ओळखायला शिकते. आता मास्तरने मुद्दाम एक लबाडी करायची: निरोगी पानांचे सगळे फोटो काळ्या पाटीवर ठेवून काढायचे आणि लाल्याचे सगळे पांढऱ्या फरशीवर. मग निरोगी पान फरशीवर ठेवून मशीनला विचारा. बऱ्याचदा ते "लाल्या" म्हणेल. कारण ते पान शिकलंच नाही, फरशी शिकलं! वर्गात यावर जो हशा पिकतो त्यानंतर "मशीन कशावरून शिकलं" हे पोरं जन्मात विसरत नाहीत.

आपली भाषा त्याला कोणी शिकवली?

मशीन मराठी बोलते कारण कोणीतरी मराठी त्याला दिली. कर्या नावाच्या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या आमले या आदिवासी गावातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी मोबाईलवर मराठी वाक्यं वाचून आवाज नोंदवले, त्याचे त्यांना पैसे मिळाले. ३६ जणांनी मिळून शंभर तासांहून जास्त आवाज दिला. त्यातून दिसलं की कमी शिकलेला, साधा फोन असलेला माणूसही हे काम नीट करतो.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. घरात कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी किती पोरं आहेत! केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आदि वाणी हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं, त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. कोलामी नाही. मारेगाव-झरीच्या पोडावरची आजी कोलामीत दुखणं सांगेल तर मोबाईल ते समजणार नाही. आपली वऱ्हाडी घ्या. "पऱ्हाटीवर चिकटा आला" हे आवाजाने बोलून बघा आणि मोबाईल काय लिहितो ते पहा. आश्रमशाळेतल्या पोरांनी घरच्या शंभर शब्दांची यादी करून, आजीच्या परवानगीने तिचा आवाज नोंदवून, अर्थ मराठीत लिहिला तर तोही एआयचाच प्रकल्प आहे. कोणाची माहिती घेताना विचारून घ्यायची, कशासाठी घेतो ते सांगायचं, हेही त्यातच शिकवल्या जाते.

आणखी एक गोष्ट घरात बघायची आहे. असर २०२४ नुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो. चालवणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलांकडे होता, मुलींकडे २७ टक्के. मुलीच्या हातात फोन देऊ नये म्हणणाऱ्या घरात ती हे सगळं शिकणार कुठे? अशा घरांसाठी तरी शाळेतला तास पाहिजेच.

पैसे देण्याआधी

"दहा दिवसांत एआय एक्सपर्ट, सर्टिफिकेटसह" अशा जाहिराती सध्या खूप दिसतात. फी भरण्याआधी मोफत काय आहे ते बघा. सोरचे भाग स्किल इंडिया डिजिटल हबवर आहेत. इंडिया एआय मिशनने नोव्हेंबर २०२५ मध्ये साडेचार तासांचा 'युवा एआय फॉर ऑल' हा मोफत कोर्स काढला. दहावीनंतर आयटीआयमध्ये आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रॅमिंग असिस्टंट नावाचा ट्रेड देशात सुरू झाला आहे, तो आपल्या जवळच्या आयटीआयत आहे का ते प्रवेशाच्या यादीत तपासा. दहा दिवसांच्या कोर्सवर नोकरी लागते असं सांगणाऱ्याला मागच्या वर्षीच्या पाच पोरांचे नंबर मागा.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने स्वतःचा, बहिणीचा फोटो, आधार कार्ड, बँकेचं पासबुक कोणत्याही चॅट मशीनमध्ये टाकू नये. आवाज आणि चेहरा नकली करून पैसे मागणारे फोन आता येतात. "मामा, मी अडकलो" असा ओळखीचा आवाज आला तरी फोन ठेवून आपल्याकडच्या जुन्या नंबरवर परत लावून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "एआय कधी शिकवणार" असं मोघम विचारू नका. कोणत्या शिक्षकाने पंचेचाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं, चालू कॉम्प्युटर किती, गणित-विज्ञानाचं पद रिकामं असेल तर प्रस्ताव कधी गेला, असं विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि या खरिपात ज्यांच्या घरी कापूस आहे त्या आठवी ते दहावीच्या पोरांनी एक शंभर पानी वही करावी. लागवडीला पंचेचाळीस दिवस झाले की सापळे लागतात, तेव्हापासून रोज सकाळी लिहायचं: तारीख, सापळ्याचा नंबर, गुलाबी बोंडअळीचे पतंग किती, दुसरे किडे किती, रात्री पाऊस होता का, वासाची गोळी कधी बदलली, मोजलं कोणी. एकच सापळा दोन पोरांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांचा आकडा न बघता. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने मोजायचं आणि तिन्ही आकडे वहीत तसेच ठेवायचे, खाडाखोड करायची नाही.